आमचे तळे बुजवावे का?



आपल्या शाळेच्या बागेत, हात धुण्याच्या नळाच्या खालच्या अंगाला, एक लहानसे तळे आहे. चार खाटा मावतील एवढेच. ते ठेवायचे की बुजवायचे, हे येत्या पालकसभेत ठरणार आहे. 'बुजवा' असे पहिल्यांदा म्हणाले ते माझेच बाबा. आणि तळे खोदणाऱ्या मुलांत मी होते. म्हणून हा लेख मीच लिहावा असे गुरुजींनी सांगितले. त्यांनी एक अट घातली. ते म्हणाले, "वकिली करू नकोस. जे पाहिलंस, जे वाचलंस, तेच लिही. ठरवायचं ते पालक ठरवतील." ती अट पाळून लिहीत आहे.

तळे कसे झाले

दुपारी खिचडी झाली की आपण सारी मुले नळावर ताटे धुतो. ते पाणी पूर्वी फाटकाकडे वाहत जाई आणि तेथेच साचे. चिखल होई, वास येई. संध्याकाळी बाग गावासाठी उघडी असते. तेव्हा बाकावर बसायला येणारी म्हातारी माणसे नाकाला पदर नाहीतर धोतराचा सोगा लावून जात. गुरुजी म्हणाले, "या पाण्याला रस्ता नाही म्हणून ते रस्त्यावर येतं. आपण त्याला काम देऊ."

जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी आम्ही दोन कामे केली. पहिले काम चराचे. सहा पावले लांब आणि गुडघाभर खोल असा चर खणला. त्यात ताडपत्री अंथरली. तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू घातली. वाळूत कर्दळ, वेखंड आणि ओहोळाच्या काठचे पाणकणीस लावले. नळाचे पाणी आधी एका जाळीतून जाते. तेथे भाताची शिते अडकतात, ती कोंबड्यांना घालतात. मग पाणी चरात उतरते, दगडाखडीतून हळूहळू पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते.

दुसरे काम तळ्याचे. खड्डा खणून त्याला चिकणमातीचा थर दिला आणि तो पायांनी तुडवून तुडवून घट्ट केला. चरातून निघालेले पाणी या तळ्यात येते. तळे भरले की जादा पाणी नाल्याला जाते. आपल्याकडच्या पावसाने जुलैत ते काठोकाठ भरले. मग कोणी न बोलावता बेडूक आले, पाण्यावर धावणाऱ्या निवळ्या आल्या, चतुर आले. चतुराला आपण 'हेलिकॉप्टर' म्हणतो तोच.

माझी आजी एकदा मला न्यायला आली होती. तिने तळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे तर तुम्ही खाचर केलंय! भात तेवढा लावला नाही."

आजी काय म्हणाली?

आजीचे बोलणे मी वर्गात सांगितले तेव्हा मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला : पाणथळ.

पाणथळ म्हणजे अशी जागा, जेथे पाणी उथळ असते, हळू चालते किंवा थांबते आणि वर्षातला बराच काळ जमीन ओली ठेवते. ती नदी नव्हे आणि शेतजमीनही नव्हे, दोहोंच्या मधली. काही पाणथळी निसर्गाने केल्या, काही माणसाने. भाताचे खाचर ही माणसाने केलेली पाणथळच आहे. आपण बांध घालतो, पाणी अडवतो, चिखलणी करतो, आवणी करतो. त्या पाण्यात खेकडे येतात, लहान मासे येतात, बेडूक येतात आणि त्यांच्या मागे बगळे येतात. हे सारे घोटीच्या मुलांना पाठच आहे, फक्त त्याला पाणथळ म्हणतात हे ठाऊक नव्हते.

जगातल्या देशांनी पाणथळ जागा राखण्यासाठी एक करार केला आहे. तो इराण देशातल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला. म्हणून त्याला रामसर करार म्हणतात आणि २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन असतो. या करारातही माणसाने केलेल्या पाणथळींत भातखाचरे धरली आहेत. म्हणजे आजीचे म्हणणे बरोबर होते.

पाणथळीत पाणी स्वच्छ कसे होते?

हे समजायला एक सोपी गोष्ट करा. दोन पेल्यांत गढूळ पाणी घ्या. एक पेला चमच्याने ढवळत राहा. दुसरा तसाच ठेवा. थोड्या वेळाने दुसऱ्या पेल्यात गाळ खाली बसलेला दिसेल. धावणारे पाणी गाळ वाहून नेते, थांबलेले पाणी गाळ खाली ठेवते. पाणथळीचे हे पहिले काम.

दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. चरातला दगड उचलून पाहिलात तर तो बुळबुळीत लागेल. त्या थरात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ताटे धुतलेल्या पाण्यातले अन्नाचे कण हेच त्यांचे जेवण. दगड आणि मुळे जितकी जास्त, तितकी या जीवांना राहायला जागा जास्त.

तिसरे काम झाडांचे. पाणथळीतल्या चिखलात हवा फार कमी असते. आंब्याचे रोप तेथे लावले तर त्याची मुळे कुजतील. मग पाणकणीस कसे जगते? कमळाचा देठ आडवा कापून पाहा. आत लांबच लांब पोकळ नळ्या दिसतील. एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकर मारा, बुडबुडे येतील. पाणथळीतल्या झाडांच्या अंगात अशा पोकळ जागा असतात. त्यांतून हवा मुळांपर्यंत जाते आणि थोडी मुळांच्या आसपासही पाझरते. त्या हवेवर तेथले सूक्ष्म जीव कामाला लागतात. शिवाय पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद झाडे स्वतःच्या वाढीसाठी घेतात. नळाजवळची कर्दळ एवढी का माजली आहे, ते आता कळले ना?

कोलकाता शहराच्या पूर्वेला हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर चालते. शहराचे सांडपाणी तेथे उथळ तळ्यांत सोडतात. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्म जीव त्याच्यावर काम करतात. त्याच तळ्यांत मासे वाढवतात आणि निघालेल्या पाण्यावर भाजीपाला व भात पिकवतात. ही जागा २००२ साली रामसर यादीत गेली.

ऑगस्टमधली गोष्ट

आता कडू भाग सांगते. माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. ऑगस्टमध्ये बेडूक पकडायला तो तळ्याच्या कडेला गेला, पाय घसरला आणि आत पडला. पाणी त्याच्या कमरेच्या वर होते. पाचवीच्या मुलांनी त्याला लगेच ओढून काढले. लागले काही नाही, पण तो फार घाबरला आणि आमच्या घरचेही घाबरले.

पुढच्या पालकसभेत बाबा उभे राहिले. ते म्हणाले, "पोरं शिकायला पाठवतो, बुडायला नाही. आणि थांबलेलं पाणी म्हणजे डास. डास म्हणजे ताप. ते तळं बुजवून टाका." अनेक पालकांनी माना हलवल्या. मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होते. मला बाबांचा राग आला. पण भाऊ पडला होता हे खरेच होते.

गुरुजी सभेत म्हणाले, "आक्षेप दोन आहेत. दोन्ही खरे आहेत. आम्हांला तपासायला थोडे दिवस द्या." सभेने दिले. तोवर तळ्याला दोरी बांधली.

डासांची तपासणी

आम्ही आधी डासांचे पाहिले. डासाची मादी थांबलेल्या पाण्यात अंडी घालते. त्यांतून अळ्या निघतात, म्हणजे आपण 'वळवळे' म्हणतो ते. उबदार दिवसांत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खात्याचे लोक 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असे सांगतात. आठवड्याला भांडे रिकामे केले तर अळीचा डास होतच नाही.

आम्ही दोन डबे घेतले. दोन्हींत तळ्याचे पाणी फडक्याने गाळून भरले आणि ते पडवीत ठेवले. एका डब्यात फक्त पाणी. दुसऱ्यात चतुराची पिल्ले सोडली. चतुर मोठेपणी उडतो, पण लहानपणी पाण्यात राहतो आणि शिकार करतो. त्याच्या जबड्याखाली घडीचा आकडा असतो, तो पुढे झटकून तो भक्ष्य पकडतो.

सातव्या दिवशी पहिल्या डब्यात वळवळे दिसले. दुसऱ्यात शोधूनही सापडले नाहीत. तळ्यात आम्ही दर शुक्रवारी ओगराळ्याने वीस ठिकाणचे पाणी काढून पांढऱ्या ताटात ओतून पाहिले. बहुतेक वेळा अळ्या नव्हत्या. एकदा मात्र सापडल्या, त्या एका कोपऱ्यात. तेथे गवत पाण्यावर लोंबत होते आणि त्याच्याआड मासे व कीटक पोचत नव्हते. ते गवत कापले. पुढच्या शुक्रवारी त्या कोपऱ्यात अळ्या मिळाल्या नाहीत.

म्हणजे नियम असा दिसला : जेथे पाणी आहे पण खाणारा कोणी नाही, तेथे डास वाढतात. जेथे पाण्यात मासे, चतुराची पिल्ले, बेडूक आहेत, तेथे डासांना जड जाते. पण 'डास होतच नाहीत' असे म्हणता येणार नाही. हिवतापाचा डास स्वच्छ, संथ पाण्याच्या काठीही अंडी घालतो. म्हणून तळे असेल तर शुक्रवारचे ओगराळे चुकवून चालणार नाही.

मग गुरुजींनी आम्हांला आपापल्या घरी पाहायला सांगितले. डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. जुने टायर, उघडी पिंपे, कुंडीखालच्या बशा, रांजण या त्याच्या जागा. मी आमच्या घरी पाहिले. मोरीमागच्या रांजणात वळवळे होते, पुष्कळ होते. मी बाबांना बोलावून दाखवले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी रांजण उपडा केला, आतून घासला आणि उन्हात ठेवला.

आमची सहल

जानेवारीत एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेऊन आमची सहल निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गेली. चापडगावच्या बाजूला वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत. सकाळी धुके होते. मनोऱ्यावर चढलो तेव्हा पाणी दिसेना, नुसता कलकलाट ऐकू येत होता. धुके वर गेले आणि समोर पाणीच पाणी, त्यावर हजारो पक्षी. कोणीच काही बोलेना. शेवटी चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे सगळं खरं आहे?"

पक्षी दाखवायला गावातलेच एक दादा होते. त्यांनी विचारले, "हे तळं कोणी केलं?" आम्ही म्हणालो, "देवाने." ते म्हणाले, "नाही, माणसाने."

गोदावरी आणि दिंडोरीकडून येणारी कादवा यांचा येथे संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजांच्या काळात, येथे दगडी बंधारा बांधला. तो पक्ष्यांसाठी नव्हता. नदीचे पाणी अडवून उजव्या व डाव्या कालव्यांनी पुढच्या कोरड्या मुलखातल्या शेतांना द्यायचे, एवढाच हेतू होता. पण पाणी थांबले तसा गाळ बसू लागला. पेल्यातला प्रयोग आठवा! गाळाने पाणी उथळ झाले, उंचवटे तयार झाले. त्यावर पाणवनस्पती उगवल्या, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगाई, मासे आले आणि त्यांच्यासाठी पक्षी आले. अभियंत्यांनी बंधारा बांधला, पाणथळ गाळाने बांधली.

१९८६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले. पुढे २०१९ मध्ये ही जागा रामसर यादीसाठी नोंदली गेली आणि जानेवारी २०२० मध्ये तसे जाहीर झाले. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. रामसरच्या नोंदीत येथे २६५ जातींचे पक्षी आणि २४ जातींचे मासे लिहिले आहेत. लोक याला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. गंमत अशी की राजस्थानातले भरतपूरही माणसाच्या हातचे आहे. तेथे अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात बांध घातला गेला, त्यातून ती पाणथळ झाली. आणि परदेशात म्हणाल, तर लंडन शहरात बार्न्स येथे पाणीपुरवठ्याचे जुने हौद निकामी झाले होते. ते मोडून तेथे मुद्दाम पाणथळ तयार केली आणि २००० साली लोकांसाठी उघडली. आता शाळांतली मुले तेथे पाण्याच्या काठी बसून निसर्ग शिकतात.

कोण किती पाण्यात?

दादांनी आम्हांला पक्ष्यांची नावे पाठ करायला लावली नाहीत. त्यांनी विचारले, "कोण किती पाण्यात उभा आहे ते सांगा." हा खरा धडा होता. आम्ही काठापासून आत असे पाहत गेलो.

अगदी काठच्या ओल्या चिखलात धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत होता. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या होता. त्याचे पाय लाल आणि काडीसारखे लांब. थोडे पुढे चमच्या पक्षी चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत होता. आणखी आत चित्रबलाक उभा होता. पाणवनस्पतींच्या पानांवर कमळपक्षी चालत होता. त्याची बोटे इतकी लांब की वजन पसरते आणि पान बुडत नाही. त्याच्यापलीकडे बदके होती. थापट्या वरवरचे पाणी गाळून खात होता. तलवार बदक डोके खाली, शेपूट वर करून चरत होते. सर्वांत खोल पाण्यात वारकरी पक्षी आणि टिबुकली बुड्या मारत होत्या. पट्टकदंब हंसांचा थवाही दिसला. ते हिमालय ओलांडून येतात असे दादांनी सांगितले, तेव्हा आम्ही त्यांना टाळ्या वाजवणार होतो, पण गुरुजींनी तोंडावर बोट ठेवले.

मी वहीत चित्र काढले. काढता काढता माझ्या ध्यानात आले की या तळ्याला भिंतच नाही. काठ असा कोठे सुरू होतो ते कळतच नाही. जमीन हळूहळू पाण्यात उतरते. म्हणून प्रत्येकाला आपल्या पायांच्या उंचीची जागा मिळते. आणि आमचे तळे? आम्ही ते विहिरीसारखे सरळ खणले होते. कडेला पाऊल टाकले की एकदम कमरेएवढे पाणी. माझा भाऊ बेडकामुळे पडला नव्हता, आमच्या चुकीमुळे पडला होता. मी हे गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. घरी गेल्यावर सुधारू."

हे पाणी आपलेच आहे

निघताना दादांनी विचारले, "तुम्ही कुठली मुलं?" आम्ही म्हणालो, "घोटीची." ते म्हणाले, "म्हणजे हे पाणी तुमच्याकडूनच आलंय की!"

आधी कोणाला समजले नाही. मग गुरुजींनी जमिनीवर काडीने नकाशा काढला. इगतपुरीच्या डोंगरांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो. येवल्याकडे पाचशेच्या आसपास. आपल्याकडचे काही पाणी वैतरणेने पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. पण घोटी परिसराचे पाणी दारणेला मिळते. दारणेवरचे धरण १९१६ साली पुरे झाले. धरणातून सोडलेले पाणी दारणेने वाहत जाऊन दारणासांगवीजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरीतून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी येते. तेथून ते कालव्यांत जाते. म्हणजे आपल्या कौलांवरून पडलेले पावसाचे पाणी त्या चमच्या पक्ष्याच्या पायांशी जाते आणि पुढे कोणाच्या तरी शेतात.

पण पावसाचे पाणीच तेवढे जाते का? नळावरचे साबणाचे पाणी, गटाराचे पाणी, शेतातून वाहिलेले खत हेही त्याच वाटेने जाते. बंधाऱ्याच्या एका बाजूला पाण्यावर हिरवीगार चादर पसरली होती. आम्हांला ती सुंदर वाटली. ती जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. तिला जांभळी सुंदर फुले येतात, म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली. सांडपाण्यातले नत्र-स्फुरद खाऊन ती भराभर वाढते. तिच्याखाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. रामसरच्या नोंदीत या जागेला असलेल्या धोक्यांत जलपर्णीचे नाव आहे.

त्याच नोंदीत एका लहानशा माशाचेही नाव आहे. त्याला इंग्रजीत 'देवळाली मिन्नो' म्हणतात. देवळालीजवळ दारणा नदीत तो शास्त्रज्ञांना मिळाला आणि १९३८ साली त्याचे वर्णन छापले गेले. आपल्या दारणेचा हा मासा आज जगातून नाहीसा होण्याच्या बेतात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वाघ वाचवा असे आपण भिंतीवर लिहितो. आपल्या नदीच्या या माशाचे नाव मला तरी त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

आम्ही काय बदलले

सहलीहून आल्यावर आम्ही तळ्याचे पाणी उपसले आणि खोदकाम पुन्हा केले. बाकाच्या बाजूचा काठ कापून लांब उतार केला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर घोट्याएवढे पाणी, दुसरीवर पोटरीएवढे, शेवटी गुडघ्याएवढे. त्याहून खोल कोठेच नाही. बाकीच्या तीन बाजूंना बांबूचा कूड घातला. पहिली-दुसरीच्या मुलांनी मोठ्या मुलांबरोबरच यायचे असा नियम केला. आता माझा भाऊ उताराशी उकिडवा बसून बेडकाची पिल्ले पाहतो. हात धरायला मात्र अजून कोणीतरी लागते.

तळ्यात गप्पी मासे आहेत. ते डासांच्या अळ्या खातात. पण ते मूळचे बाहेरदेशचे आहेत आणि ओढ्यात शिरले तर तेथल्या माशांना त्रास होतो. म्हणून नाल्याकडे जाणाऱ्या तोंडाला बारीक जाळी लावली आहे. मित्रांनो, हे मासे बाटलीत भरून दारणेत सोडू नका.

तळ्याने काय होत नाही

गुरुजींनी सांगितले होते, वकिली नको. म्हणून हेही लिहिते.

एक. तळ्यातले पाणी पिण्याचे नाही. ते दिसायला स्वच्छ असले तरी नाही. ते आपण परसबागेतल्या झाडांना घालतो.

दोन. दिवाळीच्या सफाईत कोणीतरी नळाच्या मोरीत बादलीभर फिनेल ओतले. दोन दिवसांत मासे वर तरंगले आणि चराला पुन्हा वास येऊ लागला, कारण दगडांवरचे सूक्ष्म जीवही मेले. पाणथळ उष्टे पचवते, विष पचवत नाही.

तीन. तळ्याला काम लागते. जाळी रोज साफ करावी लागते. कर्दळ छाटावी लागते, नाहीतर तिने घेतलेला मळ कुजून पुन्हा पाण्यातच येतो. शुक्रवारी ओगराळे लागते. शाळा चालू असते तोवर हे आम्ही पाळीपाळीने करतो.

चार. मे महिन्याच्या सुट्टीचे काय? तेव्हा नळ बंद, मुले गावाला, आणि फाटक तर उघडे. याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

पालकांना विनंती

हा लेख तळ्यापासून पंधरा पावलांवर लावला आहे. वाचून झाल्यावर कृपा करून तेथवर या. उतारावर उभे राहा, पाण्याची खोली काठीने मोजा. काठी तेथेच ठेवली आहे. ओगराळे आणि पांढरे ताटही ठेवले आहे. स्वतः पाणी काढून पाहा. अळ्या सापडल्या तर आम्हांला सांगा, लपवू नका.

काल रात्री जेवताना मी बाबांना हा लेख वाचून दाखवला. रांजणाचा मजकूर आला तेव्हा आजी हसली. बाबा नाही हसले. सारे ऐकून ते म्हणाले, "उतार केला ते बरं केलं. पण सुट्टीत कोण बघणार ते आधी सांग. मग मी हात वर करीन."

मी म्हणाले, "मी बघीन."

ते म्हणाले, "तू एकटी नाही. चारजणांची नावं लिहून आण. त्यांतली दोन मोठ्या माणसांची पाहिजेत."

म्हणून लेखाच्या खाली एक कोरा कागद डकवला आहे. त्यावर पहिले नाव माझे आहे आणि दुसरे आजीचे. ती म्हणाली, "खाचराचं पाणी मी जन्मभर राखलं, हेही राखीन." दोन जागा रिकाम्या आहेत.

करून पाहा

१. गढूळ पाण्याचे दोन पेले घ्या. एक ढवळा, एक ठेवा. गाळ कोणत्या पेल्यात आधी बसतो?

२. तुमच्या घराभोवती पाणी साचण्याच्या जागा मोजा. त्यांतल्या किती जागी पाणी खाणारे-पिणारे जीव आहेत आणि किती जागी नुसते पाणी आहे?

३. तुमच्या मोरीतले पाणी कोठे जाते ते चालत जाऊन पाहा. ज्या नाल्याला मिळते तेथवर जा. वाटेत ते कोठे थांबते का?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी